बाबांच्या नावाचा चोफा

८ जानेवारी
चोच मोडली! तिसऱ्यांदा. सागाला आत गाठ होती, मला कळलीच नाही. बाबांनी नुसती टिचकी मारून ओळखली असती.

राजविहाराच्या नव्या छताच्या टोकावर चढायचा हा चोफा — उंच मान, पुढे गरुडाची चोच. काम बाबांचं. पण पावसाळ्यात त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, आणि छिन्नी माझ्या हातात आली. थोरले भंते म्हणाले, "लमियत, तू कर. नाव तुझ्या बाबांचं, फिन मास्तरांचंच राहू दे."

राहू दे. नाव कुणाला हवंय? बाबांनी एकदा म्हणावं, बरं झालंय. चाळिशी आली माझी, अजून ऐकलेलं नाही.

११ जानेवारी
बाबांकडे तीनच शब्द उरलेत. पाणी. नको. जा.

१९ जानेवारी
मान जमली! माझी मलाच खरी वाटेना. धावत जाऊन सांगितलं, कागदावर काढून समोर धरली. बाबांनी तोंड फिरवलं. पेजेच्या वाटीला हात लागला, ताडगूळ घातलेली सगळी पेज चादरीवर.

च्वाईआत्या, बाबांची बहीण, हसायला लागली. "अगं, धडधाकट होता तेव्हा कधी बरं म्हणाला नाही तुला. आता तीन शब्दांत तुझं कौतुक कुठे बसवणार तो?"

मलाही हसू आलं. मग चादर धुताना रडले.

२ फेब्रुवारी
वर्ख लागला. चौघांनी उचलून अंगणात आणला, बाबांच्या खाटेसमोर. दारातून पुरता दिसावा म्हणून मी चार पावलं मागे घ्यायला लावला. ऊन पडलं आणि सोनं असं काही झळाळलं — आत्यानेसुद्धा हात जोडले!

"बाबा, चोच बघा ना. चुकलीय का?"

"नको."

"एवढंच सांगा. चढवू का?"

"जा."

ते चौघं खाली बघत उभे राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे चुकलाच. कामाच्या बाबतीत बाबा कुणाचं मन राखत नाहीत. दुसरा करायला आता दिवस कुठे आहेत?

९ फेब्रुवारी
चढला. राजवाड्यातून पाहुणे आले, ढोल वाजले. दोराला सगळ्या गावाचे हात. मीही धरला होता, बायकांच्या रांगेत. "फिन मास्तरांचा हात तो हातच!" शेजारची म्हणाली. मी मान वर केली नाही.

संध्याकाळी परांची उतरवली. आता शंभर वर्षं तो तिथेच. येता-जाता रोज दिसणार मला.

१० फेब्रुवारी
छिन्न्या आत्यापुढे ठेवल्या. विकून टाक म्हटलं. "डोकं फिरलंय का?" म्हणाली. फिरलं नाही. संपलं सगळं.

११ फेब्रुवारी
बाबांच्या पाठीच्या जखमा बघायला नवी डॉक्टरीण आली. जाता जाता तिने डोळ्यांवर बॅटरी मारली. बोट इकडून तिकडे नेलं. मग पुन्हा नेलं.

"डोळे धड आहेत, पण डोक्यातली बघायची जागा गेलीय. झटका आला तेव्हापासून यांना काहीच दिसत नाहीये. तुम्हाला माहीत नव्हतं?"

बाबांचा डावा हात चादरीवर चाचपडत होता. मी माझा दिला. त्यांनी घट्ट धरला, आणि अंगठ्याने माझ्या तळव्यावरचे घट्टे एकेक करून बघायला लागले.

चोफा परवाच चढला.