पेडगावच्या गायरानातली शेवटची अकरा एकपानी

प्रति,
मा. हरितवाढ अधिकारी साहेब,
हरितवाढ कक्ष, परभणी.

अर्जदार : बायनाबाई भ्र. सटवाजी गडदे, वय ७२, धंदा शेळ्या राखणे, रा. पेडगाव, ता. जि. परभणी.

विषय : मौजे पेडगावच्या गायरानात वृक्षलागवडीसाठी सोमवारी होणारी खड्डेखोदाई दहा गुंठ्यांपुरती थांबवणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा दि. १४ मेचा पंचनामा. २) आपले दि. ७ ऑगस्टचे पत्र. ३) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार बायनाबाई यांना लिहिता येत नसल्याने हा अर्ज त्यांच्या सांगण्यावरून खाली सही करणारा अर्जनवीस लिहीत आहे. बाई समोरच बसल्या असून दर ओळीला "लिवलं का?" म्हणून विचारीत आहेत. सबब काही मजकूर अर्जाच्या शिस्तीत न बसल्यास राग मानू नये.

२. सदर गायरानात पावसाळ्यात बोटभर उंचीची एक वनस्पती उगवते. तिला एकच पान असते, त्यातून एक काडी वर येते, बस्स. बाई तिला एकपानी म्हणतात. "न फूल, न बी, तरी दरसाल येतंय," असे त्यांचे म्हणणे. मागच्या पावसाळ्यात कु. अपेक्षा ही वनस्पतिशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी मोजणीला आली, तेव्हा बाईंनीच तिला ही जागा दाखवली. मुलगी तिथेच मटकन खाली बसली. हा नेच्याच्या गोतातला वंश असून पृथ्वीवर पहिले फूल उमलायच्या कितीतरी आधी तो इतर झाडांपासून वेगळा निघाला, आणि साऱ्या गायरानात त्याला जवळचे म्हणावे असे एकही नातलग नाही, असे तिने सांगितले.

३. आपल्या पत्रात असे नमूद आहे की, लागवडीपूर्वी गायरानात ४३ प्रकारच्या वनस्पती होत्या, आता ५८ आहेत, सबब वैविध्य वाढले. आकडे खरे आहेत. परंतु नव्या तेवीसपैकी वीस एकाच शेंगांच्या कुळातल्या आहेत आणि खड्ड्यांच्या मातीखाली जुन्या आठ बुजल्या, हे पत्रात नाही. कु. अपेक्षा नुसती डोकी मोजत नाही. कोण कोणापासून किती काळापूर्वी फुटले, याचा वंशवृक्ष काढून त्याच्या सगळ्या फांद्यांची लांबी ती एकत्र मोजते. उद्या एकपानी गेली, तर नावे वाढूनही ही लांबी पूर्वीपेक्षा कमी भरते. तिने हे मातीत काडीने काढून दाखवले, तेव्हा बाई म्हणाल्या, "धा घरचे धा गेले अन् एका घरचे ईस आले, तर गाव वाढलं म्हनायचं का, माय? ती तर नुसती भावकी वाढली." अर्जनवीसाला यापेक्षा सोपे लिहिता येत नाही.

४. आपल्या लिपिकांनी सांगितले की, वंश जुना असल्यास वंशावळ जोडावी, तलाठ्याच्या सहीने. बाईंनी नुकतेच नातवाच्या प्रमाणपत्रासाठी हेच केले होते, त्यामुळे त्यांना यात वावगे वाटले नाही. त्या दोनदा तलाठ्याकडे जाऊन आल्या. तलाठ्यांनी विचारले, "सातबाऱ्यावर नाव हाय का तिचं?" नाव नाही. तेव्हा जवळच्या नातलगाचे शपथपत्र आणा, असे सांगण्यात आले. नातलग नाही, हीच तर तक्रार आहे, साहेब.

५. आपला पंचनामा मे महिन्यात झाला. त्यात "ओसाड माळ, उल्लेखनीय काही नाही" असे आहे. मे महिन्यात एकपानी मातीखाली असते. पुढची पाहणी जानेवारीत ठेवल्याचे कळते. तेव्हाही ती मातीखालीच असेल.

६. आता जे घडले ते असे. यंदा जुलैत कु. अपेक्षाने मोजणीसाठी प्रत्येक रोपाशेजारी लाल चिंधी बांधलेली काडी रोवली. अशा १४६ काड्या झाल्या. आठच दिवसांनी गुत्तेदाराची माणसे आली. त्यांना वाटले, खड्ड्यांसाठी कक्षानेच आखणी करून ठेवली आहे. त्यांनी काडी दिसली की खड्डा खोदला. एकही काडी चुकवली नाही, इतके नेकीने काम झाले. मुकादमाचे म्हणणे, "खुना होत्या, आमी खांदलं. आमचं काय चुकलं?" त्याचेही काही चुकले नाही.

७. अकरा काड्या मात्र बाईंच्या शेळ्यांनी आधीच चिंध्यांच्या नादाने उपटून चघळल्या होत्या. त्यावरून कु. अपेक्षा बाईंवर चिडली होती. "आजी, तुमच्या शेळ्यांनी माझं काम वाटोळं केलं," असे ती म्हणाली होती, आणि बाईंनी शरमेने दोन दिवस कळप तिकडे नेला नव्हता. तीच अकरा रोपे आज जिवंत आहेत. मुलगी खड्ड्यांच्या काठाने रडत फिरली आणि आता फोन उचलत नाही. बाई म्हणतात, "लेकरानं जीव लावून मोजलं, अन् मोजलं म्हनून गेलं. तिला म्हनावं, तुजा दोष न्हाई." हे वाक्य अर्जात कशाला, असे अर्जनवीसाने विचारले. बाईंनी लिहायला लावले.

८. सोमवारी, दि. २५ रोजी, उरलेल्या जागेवर जेसीबी येणार आहे. बाई चार दिवसांपासून भाकरी बांधून तिथेच बसत आहेत. "सरकारी कामात अडथळा" म्हणून त्यांना समज देण्यात आली. त्यांनी समज घेतली आणि पुन्हा तिथेच बसल्या. पंधरा दिवसांत रोपे सुकून जमिनीत जातील. मग तिथे काही होते, हे कोणालाच दाखवता येणार नाही.

९. सबब विनंती की, साहेबांनी सोमवारपूर्वी स्वतः यावे. या अर्जात गट नंबर दिला आहे, नेमकी जागा मुद्दाम दिलेली नाही. ती जागा बाई पायाने चालून दाखवतील. येताना चुना, काडी, झेंडी काहीही आणू नये आणि पाय जपून टाकावा. दहा गुंठे फार होत असल्यास पाच द्यावे. पाचही जड असल्यास बाई बसतात तेवढी जागा द्यावी, ती त्यांच्या लुगड्याच्या घेराएवढी आहे. साहेब, हात जोडून सांगणे आहे, पण या.

आपली वाट गायरानातच पाहणारी,

बायनाबाई भ्र. सटवाजी गडदे
(निशाणी अंगठा)

लिहिणार : दत्तराव पि. रामहरी, अर्जनवीस, मानवत
दि. २१ ऑगस्ट २०२५

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१) चार अर्जांच्या पोचपावत्या.
२) कु. अपेक्षाच्या मोजणीच्या वहीची नक्कल.
३) गायरान, गट नं. २१४ चा उतारा.
४) आपल्या छापील नमुन्याप्रमाणे "वनस्पतीचा मुळासकट नमुना" : जोडलेला नाही. जोडला असता, तर वर अकरा रोपांच्या जागी दहा लिहावे लागले असते.