जावयाच्या नावावर लिहिलेला अपघात दुरुस्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
वैनगंगा सर्वसाधारण विमा कंपनी,
विभागीय कार्यालय, नागपूर

विषय : दि. २० डिसेंबरच्या व्याख्यानात जावयाचा किस्सा न सांगण्याची व त्याजागी खरे सांगण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले निमंत्रणपत्र, दि. २४ नोव्हेंबर २०२५.

महोदया,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार दत्तात्रय ऊर्फ दत्तोपंत गणेश पांढरीपांडे, राहणार मनीषनगर, हा आपल्याच कार्यालयाच्या दावे विभागातून सेवानिवृत्त झालेला अधिकारी असून आपण प्रथम त्याच्याच हाताखाली रुजू झाला होतात. 'वाचल्याशिवाय सही करू नका' हे वाक्य त्याने बत्तीस वर्षे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवले. पारशिवनीकडचा कुणी टेम्पोवाला कळवळून म्हणे, 'साहेब, मले काय माहीत असं लिहून आहे म्हणून!' तरी अर्जदार कागदावर बोट ठेवी आणि चहा मागवी. चहा एकच, स्वतःपुरता. हे आपण पाहिलेले आहे.

२. आपण अर्जदारास 'परदेशात भाड्याची गाडी आणि विमा' या विषयावर बोलावले असून सत्कारही योजला आहे. पत्रात 'जुलैमध्ये ज्येष्ठ नागरिक मंडळात सांगितलेला जावयाचा किस्सा अवश्य सांगावा, लोक पोट धरून हसले होते' असे नमूद आहे. तो किस्सा खोटा आहे.

३. वस्तुस्थिती अशी की, गेल्या मार्चमध्ये अर्जदार व सौ. यमुताई हे न्यूझीलंड येथे कन्या भैरवी व जावई ऋषी यांचेकडे गेले होते. चौघांना फिरण्यासाठी मोठी गाडी भाड्याने घ्यायचे ठरले. काउंटरवरच्या मुलीने विम्याचे तीन प्रकार समजावून दिले. पहिला भाड्यातच आलेला. त्यात नुकसानीची पहिली मोठी रक्कम आपली, त्यावरचे तेवढे कंपनीचे. दुसऱ्यात रोज थोडे जादा भरले की हा आपला वाटा कमी होतो. तिसऱ्यात तो जवळजवळ उरतच नाही, आणि काच, टायरही येतात. करारात ज्याचे नाव नाही त्याने गाडी हाकली तर मात्र यातला कुठलाच कामाचा नाही, हेही तिने बजावले. पोरगी बिचारी नीट सांगत होती. ऋषी हळूच म्हणाला, 'बाबा, पूर्णच घेऊन टाकू का?' त्यावर अर्जदार त्या मुलीदेखत म्हणाला, 'ऋषीराव, विमा मला शिकवून राहिले का?' नागपूरहून काढलेल्या प्रवास विम्यात भाड्याच्या गाडीतला आपला वाटा भरून मिळतो, असे ठणकावून त्याने पहिल्या प्रकारावर बोट ठेवले. तो वाटा भरून मिळतो खरा, पण त्यासाठी वेगळे जोडकलम घ्यावे लागते. ते घेतलेले नव्हते. अर्जदाराने ती पॉलिसी वाचलेलीच नव्हती. ती पाहायला चष्मा हवा होता, चष्मा बॅगेत होता, बॅग ट्रॉलीच्या तळाशी, आणि त्या मुलीसमोर 'मला दिसत नाही' म्हणायची लाज वाटली.

४. आता मूळ कबुलीकडे येतो. गाडी भाड्याची का असेना, पूजेशिवाय चाक हलवायचे नाही ही अर्जदाराच्या घरची रीत. भैरवी म्हणत होती, 'अहो बाबा, ही आपली गाडी नाहीये.' पण ऐकतो कोण! तिथल्या देशी दुकानातून नारळ आणविला. पार्किंगमध्ये बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले. नारळ फोडायला दगड सापडेना, इतका तो देश झाडलेला. अखेर अर्जदाराने देवाचे नाव घेऊन नारळ चाकापुढे जमिनीवर आपटला. नारळ फुटला नाही. तो उसळला आणि हेडलाइटवर बसला. हेडलाइटच्या ठिकऱ्या झाल्या, आणि नारळ धडधाकट घरंगळत शेजारच्या गाडीखाली गेला.

५. गाडी परत करताना फॉर्म आला. त्यात 'नुकसान कसे झाले' असा रकाना होता. असले रकाने तपासण्यात ज्याची हयात गेली, तो पेनाचे टोपण काढत-घालत राहिला. नारळाने झाले, हे कसे लिहावे? ऋषीने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिले, पेन घेतला आणि लिहिले की गाडी लावताना स्वतःच्या हातून खांबाला लागली. सही केली. नुकसानीतला आपला वाटाही त्यानेच भरला. 'जाऊ द्या ना बाबा, होत राहते,' एवढेच म्हणाला. अर्जदार शेजारी उभा होता. तो 'थांब' म्हणाला नाही. पुढे ऋषीला स्वतःच्या गाडीचा विमा काढताना हा न केलेला अपघात सांगावा लागला, हे यमुताईंकडून कळले. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. इथे सासराच ग्रह होऊन पोराच्या राशीला बसला.

६. इथवर भित्रेपणा होता. पुढचा नीचपणा आहे. जुलैमध्ये मंडळात बोलताना भाषण पडू लागले, लोक जांभया देऊ लागले, तेव्हा अर्जदार म्हणाला, 'आमच्या जावयाचंच घ्या! पूर्ण विमा घ्या म्हणून मी सांगत होतो, ऐकलं नाही, आणि धडकले खांबाला!' हशा पिकला. अर्जदारास चेव आला. त्याने ऋषीच्या बोलण्याची नक्कलही केली. कुणीतरी ते मोबाइलवर घेतले, ते हुडकेश्वरला ऋषीच्या मामांकडे गेले आणि तिथून न्यूझीलंडला पोचले. यमुताई त्या दिवशी म्हणाल्या, 'काहून हो, चूक तुमच्या हातची, आन् खापर त्या पोराच्या डोक्यावर फोडून राहिले? शोभते का हे?' भैरवी फोनवर आता फक्त आईला मागते. ऋषीने फोन मात्र चुकवला नाही. नेहमीप्रमाणे रविवारी त्याने विचारले, 'बाबा, गुडघा कसा आहे?' त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

७. दि. १८ रोजी दोघे नागपुरात येत आहेत, आणि सत्कार आहे म्हणून ऋषी कार्यक्रमास येतो म्हणाला आहे. सबब विनंती की, व्याख्यान रद्द करू नये. तीन प्रकार, जोडकलम आणि न वाचलेली पॉलिसी यांबाबत अर्जदाराइतका अनुभवी वक्ता आपणांस मिळणार नाही. परंतु त्यास आरंभीच वरील सर्व हकिगत स्वतःच्या नावाने सांगू द्यावी. ती ऐकल्यावरही सत्कार करावासा वाटल्यास शाल आपण ठरवाल त्यास द्यावी. श्रीफळ मात्र अर्जदाराच्या हाती देऊ नये.

८. शेवटची विनंती खुर्चीची. ऋषीस मानाने पहिल्या रांगेत बसवाल, तसे करू नये. दाराजवळची खुर्ची राखून ठेवावी, म्हणजे ऐकवले नाही तर त्यास उठून जाता येईल. तो उठणार नाही. शेवटपर्यंत बसेल, आणि घरी जाताना गुडघ्याची चौकशी करील. तरीही खुर्ची दाराजवळच असावी.

हा अर्ज अर्जदाराने चष्मा लावून दोनदा वाचला व मगच खाली सही केली आहे.

आपल्या कार्यालयाचा जुना व आज खजील असलेला सेवक,
(द. ग. पांढरीपांडे)
मनीषनगर, नागपूर
दि. ४ डिसेंबर २०२५

सोबत :
१) गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीस खरे कारण कळविल्याच्या पत्राची प्रत.
२) प्रवास विम्याची पॉलिसी, जोडकलमाचे पान चौदा दुमडून ठेवले आहे.
३) ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अध्यक्षांस लिहिलेले माफीपत्र. ऋषीस लिहिलेले जोडलेले नाही. ते चार वेळा फाडले, म्हणून तोंडीच सांगणार आहे.