लॅमिनेट केलेला समुद्र

चिमे,

माझा दीडशे वर्षांपूर्वीचा सागरी नकाशा वाढदिवसाची भेट म्हणून लॅमिनेट करून आणलास, तेव्हा केवळ कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला लावलेल्या शिस्तीमुळे तू धडधाकट घरी गेलीस. वर विचारतेस, "ताई, चकचकीत दिसतो ना?" अगं, संग्राहकांच्या लेखी तो मेला.

आठवडाभर मी धुसफुसत होते. मग वाटलं, वाया गेलाच आहे, तर भिजला म्हणून काय बिघडणार? नकाशा काखोटीला मारून मी मच्छीमाराच्या होडीत बसले. जन्मभर या किनाऱ्याचे नकाशे जमवले, पण कागद खराब होईल म्हणून एकही कधी पाण्यावर नेला नव्हता. लाटा अंगावर येत होत्या आणि मी रुमालाने नकाशा पुसत होते. त्यातला काळा खडक खरोखर समोर दिसला, तेव्हा मी शाळकरी पोरीसारखी उभी राहून ओरडले. होडीवाला म्हणाला, "आजी, खाली बसा, नाहीतर दोघंही जाऊ."

हे पत्र मी टाकणार नाही, तू शेफारशील. पण खाडीचा जुना नकाशा टेबलावर काढून ठेवला आहे. शनिवारी तू येशील तेव्हा तो लॅमिनेट करायला नेताना तुला अडवायला मी घरी नसेन, मुद्दाम बाजारात गेलेली असेन.

तुझी,
अजूनही रागावलेली ताई