तुझ्या नावाचा गजर

मेसनबर्ग, ओहायो
डिसेंबर १९२६

चि. क्लाइड,

शिकागोच्या संघाने तुला बोलावलं, हे आईकडून कळलं. अभिनंदन करायला बसलो, पण हात चालेना.

सप्टेंबरात माझ्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हा गावाच्या पगारी फुटबॉल संघात माझ्या जागी तुला घ्या, असं मीच मालकांना सांगितलं. वाटलं, दोन-तीन सामने कसेबसे निभावशील. तू तर एकही सामना हरू दिला नाहीस! मी बरा होऊन बाकावर बसलो, तरी गाव तुझ्याच नावाने ओरडत राहिलं.

शेवटच्या सामन्यात तुझा घोटा मुरगळला आणि मला मैदानात उतरवलं. तिघांना अंगावर घेत, चिखलातून मी चेंडू छातीशी धरून धावत रेषेपार नेला. आपण जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर उचललं. खाली उतरलो तर समोर बाबा.

"शाब्बास रे विल्बर," ते म्हणाले, "अगदी क्लाइडसारखा धावलास!"

अरे, चेंडू काखेत दाबून धावायला तुला शिकवलं कुणी?

तेवढ्यात तू लंगडत आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "काहीतरीच काय बाबा, मी ह्याच्यासारखा धावतो!"

तू खरं तेच बोललास. पण लोकांना तो तुझा विनय वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तुझा सगळ्यांत जास्त राग आला तो तेव्हा. मोठेपणासुद्धा तूच घेऊन गेलास.

शिकागोत थंडी फार. माझा लोकरी कोट तुझ्या सामानात ठेवायला आईला सांगितलंय. हे पत्र मात्र चुलीत जाईल.

तुझा थोरला,
विल्बर