मागच्या बॅटरीत गुलाल

राजारामपुरी, कोल्हापूर
११ जानेवारी १९८५

चि. कृष्णात भाऊजींना श्यामलाचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही, जाऊबाई आणि मुलंही बरी असतील. प्रचाराच्या कर्ण्यावरून दिवसभर तुमचंच नाव ऐकून त्यांचे कान किटले असतील, तेवढंच. संक्रांत तोंडावर आली. तिळगूळ करून ठेवलाय, पण तुम्हाला पाठवत नाही. तो पाठवला की गोड बोलावं लागतं, आणि मला तुमच्याशी गोड बोलायचं नाही.

मॅटॅडोर पोचली. सोमवारी शाळेतून आले तर दारात उभी होती, पुढच्या बंपरला दोर लोंबत होता. शेजारच्या अंबूबाईंनी सांगितलं, ट्रॅक्टरनं ओढत आणली आणि तो माणूस किल्ली त्यांच्या हातात देऊन चालता झाला. काय हो भाऊजी, गाडी न्यायला स्वतः आलात. पोहे खाल्लेत, चहा घेतलात, "वहिनी, चार दिवसांत आणून लावतो" असं दोनदा म्हणालात. परत आणायच्या वेळेला पाय मोडले होते का?

गाडी कशासाठी आहे ते ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. तुमच्या दादांनी जन्मभर भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर निळ्या खडूनं कृष्णा काढली, महाबळेश्वरापासून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत, आणि स्वतः मात्र नरसोबाच्या वाडीच्या पुढं गेले नाहीत. रिटायर झाल्यावर ही जुनी गाडी घेतली ती नदीच्या कडेकडेनं समुद्रापर्यंत जायला. संक्रांत झाली की निघायचं, हे तुमच्यासमोर ठरलं होतं. तुम्हीच म्हणाला होतात की दादा, समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणा.

सगळी दिवाळीची सुट्टी ते त्या गाडीत घुसून बसले होते. फळ्यांचा पलंग केला. दिवे आणि पंखा चालावा म्हणून मागं दुसरी बॅटरी बसवली. मुक्कामाला कुणाच्या घरात, देवळात प्लग मिळाला की ती भरून घ्यायला चार्जर केला. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये एक खटका ठेवला. गाडी थांबली की खटका पाडायचा, म्हणजे मागं दिवे कितीही जळोत, पुढची बॅटरी शाबूत राहते आणि सकाळी गाडी सुरू होते. एवढं सगळं तुम्हाला हाताला धरून दाखवलं होतं. तुम्ही दिवे मोजलेत आणि हसलात. म्हणालात, "एवढ्याशा गाडीत सहा दिवे? दादा, ही गाडी हाय का लग्नाचा मांडव?" तेही हसले. मी हसले नव्हते, पण तुमचं लक्ष कशाला जातंय.

आणि तुम्ही काय केलंत? खटका काढून टाकला, दोन्ही बॅटऱ्या तारेनं एकत्र बांधल्या, कशाला तर गाडी चावडीपुढं उभी करून दिवसभर कर्णा बोंबलायला पाहिजे. चार्जरच्या जागी ॲम्प्लिफायर ठेवायचा म्हणून चार्जर उपटला. मला तो पलंगाखाली गोणपाटात सापडला, वायरी तोडलेल्या. दूध सोसायटीचे संचालक व्हायला निघालायत. आधी भावाची एक वस्तू तरी नीट वापरून दाखवायची होती.

अजून पुढं ऐका. बुधवारी धोंडुबाई आत्या बाजाराला आल्या होत्या, त्या मोठ्या कौतुकानं सांगत होत्या. बॅटरीतलं पाणी आटलं, कर्णा बंद पडला, मग त्यांनी जोतिबाच्या अभिषेकाचं आणलेलं पाणी आत ओतलं. "देवाचं पाणी हाय, कृष्णात निवडून येतोय बघ." त्या म्हातारीला मी काय बोलणार? तिनं भक्तीनं केलं. पण इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेले तुम्ही शेजारी हात जोडून उभे होता म्हणे. मतं जातील म्हणून बॅटरीत दूध-दह्याचं पाणी जाऊ दिलंत. शाबास.

आता खरी गोष्ट लिहिते. ती लिहायची नाही असं ठरवून बसले होते.

काल सकाळी यांनी मागची बॅटरी बाहेर अंगणात घेतली. भर उन्हात झाकणं उघडली, वाकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे गं. नुसती उतरलीय. चार्जर लावला की भरेल."

भाऊजी, पाणी गुलाबी होतं. अभिषेकाच्या पाण्यातला गुलाल होता तो, झाकणाच्या कडांनासुद्धा लागला होता. रंगपंचमीच्या बादलीतलं पाणी दिसतं तसं दिसत होतं, आणि यांना ते दिसलं नाही.

त्यांना काचबिंदू झालाय. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं. गेली ती नजर परत येत नाही, राहिलेली आटत चाललीय, पावसाळ्यापर्यंत टिकली तर नशीब. दिवेलागणीनंतर तर त्यांना स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून सहा दिवे हो, म्हणून दुसरी बॅटरी, म्हणून तो चार्जर! कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला, आणि कृष्णाताला तर मुळीच नाही. तुम्ही गाडी मागायला आलात तेव्हा मी आत जाऊन म्हटलं, देऊ नका, दिवस थोडे आहेत. तर म्हणाले, पोराची पहिलीच निवडणूक आहे, नदी कुठं पळून जातीय का. मी भांडले. त्यांच्याशी भांडले, तुमच्यापुढं मात्र पोह्यांची बशी ठेवली. त्याचा राग आजही जात नाही.

काल दुपारी मीच हट्टानं दोन्ही बॅटऱ्या नव्या आणल्या आणि यांनी चार्जर पुन्हा बसवायला घेतला. स्क्रू ते बोटांनी चाचपून बसवत होते. वायर हातात आली की विचारायचे, लाल कुठली? मी सांगायची. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला वायरीचं कधी विचारलं नव्हतं. एकदा मी पाणी आणायला आत गेले आणि आले तर लाल वायर काळीच्या जागी लावायला निघाले होते. मी मनगट धरलं. ते गाडीच्या पायरीवर बसले. म्हणाले, "श्यामल, गाडी आता मला चालवायला यायची नाही. विकून टाकू."

चार्जर लागलाय. काटा हलतो, बॅटरी भरतेय. चार्जरची पेटी गुणगुणते, तिच्यावर हात ठेवून ते बसून राहतात. नदीचं नाव काढत नाहीत.

मी गाडी विकणार नाही. बुधवारी, सोळा तारखेला सकाळी सातला आम्ही निघणार आणि गाडी तुम्ही चालवायची. कळंब्याच्या तळ्याकाठी दादांनीच तुम्हाला स्टिअरिंग धरायला शिकवलं. भाड्याचा ड्रायव्हर मला चौकात हाक मारली तरी मिळेल. पण परक्या माणसाला ते गाडी थांबव म्हणणार नाहीत, पलीकडच्या काठावर काय आहे ते विचारणार नाहीत. ठेच लागली तरी गप्प बसतील. तुम्हाला ते विचारतील. मी सांगितलंय हे कळू द्यायचं नाही, आणि येऊन त्यांच्यासमोर डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. चूक झाली म्हणा, आणि किल्ली मागा.

मतदान वीस तारखेला आहे ते मला माहीत आहे. शेवटच्या चार दिवसांत उमेदवार गावात नसला तर पडतो, तेही कळतं मला. पडा. सोसायटीची निवडणूक पाच वर्षांनी परत लागेल.

बुधवारी सकाळी सातपर्यंत
तुमची वहिनी,
श्यामला