दादाचं बियाणं आणि माझी सर्दी

३ जानेवारी
दादाने यंदाचे बियाण्याचे सगळे बटाटे माझ्या गोदामात ठेवले. पुढच्या महिन्यातली त्याची लागवड आता माझ्या हातात. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी एवढा विश्वास टाकला. रोज पहाटे उठून ढीग तपासायचे, ठरलं. नाक चोंदलंय. किरकोळ सर्दी.

९ जानेवारी
थंडी फार. बटाटे काही पळून जात नाहीत. सोमवारपासून.

२१ जानेवारी
कोपऱ्यातल्या ढिगात काही मऊ लागले. वर पांढरी बुरशी. बुरशीनाशक आणलं. दुकानदार म्हणे, सडके आधी निवडून काढा, बाकीचे कोरडे असतील तेव्हाच हलकं फवारा, मग पंखे लावून वारा द्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! औषध असताना निवडत कशाला बसायचं? आणि हलकं का म्हणून? सख्ख्या भावाच्या मालाला कंजुषी?

२२ जानेवारी, दुपार
सगळ्या ढिगांना न्हाऊ घातलं. औषध उडून जाऊ नये म्हणून पंखे बंद केले. हे दुकानदाराच्या बापालाही सुचलं नसतं.

३० जानेवारी
बायको म्हणते, गोदामातून वास येतोय. मला तर अजिबात येत नाही. औषधाला गुण आहे. ती म्हणाली, काल दूध करपलं तेव्हाही तुम्ही शेगडीसमोरच बसला होतात. तिला विषय बदलायची सवयच आहे.

८ फेब्रुवारी
हमाल आत पाऊल टाकायला तयार नाही. कामचुकार. बाहेरूनच म्हणाला, मालक, दाराखालून पाणी येतंय. जास्तीचं औषध निथळतंय, असं समजावलं. दादाचा फोन आला. बियाणं ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. एकदा दार उघडून बघायला हवं. उद्या.

१४ फेब्रुवारी
दादा आला. शेत नांगरून ठेवलंय म्हणाला. दाराशी जरा थांबला, मग आत गेला. बटाटा उचलला, बोटं आरपार गेली. दुसऱ्या ढिगातला उचलला. तोही तसाच. ओरडेल असं वाटलं होतं, ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, तुला वास नाही का रे आला? म्हटलं, जरा सर्दी आहे. त्याने पोत्याला हात पुसले आणि गेला. यंदा त्याचं शेत रिकामं.

वाईट वाटायला हवं होतं. जेवलो.

संध्याकाळी पंखे सुरू केले. अंगातला शर्ट काढून नाकाशी धरला. काहीच नाही.