न विचारता काढलेल्या प्लेट्स

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं शांत होत नाही. मल्लेश्वरमच्या जिममध्ये मी बार रॅकवर कपाळाच्या उंचीला ठेवला होता. तिथून वीतभरच वर ढकलायचा, कोपरं सरळ होईपर्यंत. असं केलं की एरवी न पेलणारं वजनही हळूहळू खांद्यांच्या सवयीचं होतं. बेळगावात बाबा असंच करायचे, त्यांनीच मला शिकवलं.

पाणी प्यायला वळले, तेवढ्यात नव्या ट्रेनरने बारच्या दोन्ही बाजूंच्या वजनाच्या प्लेट्स काढल्या. न विचारता. "मॅडम, असं अर्धंमुर्धं कशाला? स्वल्प हलकं घ्या, पण पूर्ण करा."

आणि मी काय म्हणाले? सॉरी. कशाबद्दल सॉरी?

शेजारच्या रॅकवर एक गृहस्थ अगदी तेच करत होते, कपाळापासून वर. त्यांच्यासाठी हाच ट्रेनर मोजत होता. "सूपर सर, अजून एक."

माझ्या प्लेट्स मात्र न विचारता काढायच्या. मी त्या परत चढवल्या. बार ढकलला, कोपरं सरळ झाली, तसाच धरून उभी राहिले. खांदे थरथरत होते, पण बार खाली आला नाही.

"रिस्क तुमची हं, मॅडम," तो म्हणाला.

"माझीच आहे."

शेजारच्या गृहस्थांना त्याने हे सांगितलं नव्हतं.